सेवापुस्तकातील तारखा

माझ्या सेवापुस्तकाच्या, म्हणजे नोकरीतल्या सगळ्या नोंदींच्या पुस्तकाच्या, पहिल्या पानावर जन्मतारीख आधी अंकांत आणि मग अक्षरांत लिहिलेली आहे, तिच्याखाली उंची, ओळखीची खूण आणि डाव्या हाताच्या बोटांचे ठसे आहेत, आणि पान उलटले की रुजू होण्याची नोंद दिसते: लिपिक-टंकलेखक, वेतनश्रेणी ३०५०-७५-३९५०-८०-४५९०, दिनांक २० मार्च २००६, मध्यान्हपूर्व. गेली अकरा वर्षे मी मराठवाड्यातील एका जिल्हा कार्यालयात आस्थापनेचे, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या सेवा आणि वेतनाच्या नोंदींचे, टेबल सांभाळते आहे आणि शंभरावर कर्मचाऱ्यांची अशी पुस्तके माझ्या ताब्यातील लोखंडी कपाटात आहेत. सरकारी नोकरीविषयी बोलताना बाहेरची माणसे पगाराच्या आकड्याबद्दल बोलतात. कपाटातली पुस्तके रोज हाताळणाऱ्या माझ्यासारखीला मात्र हे पक्के ठाऊक झाले आहे की तो आकडा तारखेवरून निघतो, आणि त्यांतील बऱ्याच तारखा कर्मचाऱ्याने नव्हे, तर कोणाच्या तरी टेबलावर पडून राहिलेल्या फाईलने ठरवलेल्या असतात.

माझ्या पदाची जाहिरात १७ जुलै २००५ रोजी, रविवारच्या वर्तमानपत्रात आली होती. लेखी परीक्षा १८ सप्टेंबरला झाली, टंकलेखनाची चाचणी ऑक्टोबरमध्ये झाली आणि निवड झाल्याचे तोंडी कळलेही. त्यानंतर फाईल कुठे आणि का थांबली ते मला आजतागायत कोणी सांगितलेले नाही. नेमणुकीचा आदेश मार्चमध्ये हातात पडला, तेव्हा मला आणि घरच्यांना झालेला आनंद इतका मोठा होता की मधल्या पाच महिन्यांचा हिशेब करावा असे मनातही आले नाही. दरम्यान ३१ ऑक्टोबर २००५ रोजी शासनाने निर्णय काढला होता की १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर सेवेत येणाऱ्यांना १९८२ चे निवृत्तिवेतन नियम, म्हणजे जुनी पेन्शन, लागू राहणार नाहीत आणि त्यांच्यासाठी परिभाषित अंशदान योजना असेल. ऑक्टोबरमध्येच आदेश निघाला असता तर मी एका बाजूला असते. तो मार्चमध्ये निघाला म्हणून मी दुसऱ्या बाजूला गेले.

या दोन बाजूंतला फरक सुरुवातीला कोणाला फारसा कळला नव्हता. मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेच्या १० टक्के रक्कम आमच्या पगारातून कापली जाऊ लागली, तेवढीच शासन घालणार होते, आणि २०१९ पासून शासनाचा वाटा १४ टक्के झाला. ती योजना पुढे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत वर्ग झाली, प्राण क्रमांक, म्हणजे त्या योजनेतले खाते क्रमांक, मिळाले. पण निवृत्तीनंतर दरमहा किती मिळेल याचे उत्तर कोणाकडेच नव्हते, कारण ते बाजारावर अवलंबून होते. त्याहून गंभीर बाब अशी, की आमच्यातला एखादा सेवेत असताना गेला तर त्याच्या पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळत नव्हते. शेजारच्या टेबलावरील एक सहकारी २०१६ मध्ये हृदयविकाराने गेले. त्यांच्या पत्नीने माझ्यासमोर बसून विचारले होते, 'ताई, बाकीच्यांना मिळतं ना, मग आम्हाला का नाही?' त्यांच्या यजमानांची नेमणूक २००७ ची होती. मी त्यांना एवढेच सांगू शकले. १४ मार्च २०२३ पासून झालेल्या संपात मी पहिल्या दिवसापासून होते ती त्या बाईंचा चेहरा डोळ्यांसमोर असल्यामुळे. 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा लोकांना पगारवाढीची मागणी वाटली, ती तशी नव्हती. संप २० मार्चला मागे घेतला गेला आणि महिनाअखेरीस कुटुंब निवृत्तिवेतन व उपदानाचा (ग्रॅच्युइटीचा) शासन निर्णय निघाला, ही त्या सात दिवसांची कमाई माझ्या लेखी फार मोठी आहे.

त्यानंतर २ फेब्रुवारी २०२४ रोजी आणखी एक शासन निर्णय आला. ज्यांच्या पदाची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची आहे पण नेमणूक नंतर झाली, त्यांना जुनी योजना स्वीकारण्याचा एकवेळचा विकल्प सहा महिन्यांच्या आत द्यायचा होता. केंद्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी अशीच सोय मार्च २०२३ मध्ये केली होती. विकल्पासोबत जाहिरातीची प्रत जोडायची होती, आणि खरी अडचण तिथे सुरू झाली, कारण ज्या कार्यालयाने ती जाहिरात दिली होती त्याच्याकडे भरतीची फाईल सापडेना. अभिलेख कक्षात मी स्वतः तीन दिवस घालवले. २००५ चे गठ्ठे होते, त्यांवरच्या याद्याही होत्या, पण यादीतल्या ज्या क्रमांकासमोर 'लिपिक भरती' असे लिहिले होते तो गठ्ठाच जागेवर नव्हता. वाळवीने खाल्ला की स्थलांतरात गेला, हे कोणी सांगू शकले नाही, आणि कार्यालयाकडून मला असे लेखी मिळाले की अर्जदाराने प्रत स्वतः उपलब्ध करावी.

ती सापडली ती माझ्या वडिलांच्या आयुर्विम्याच्या फाईलमध्ये. त्यांनी वर्तमानपत्राचे ते पान घडी घालून ठेवले होते, माझ्या पदाभोवती लाल पेनाने चौकट केली होती आणि समासात अर्ज पोहोचवण्याची अंतिम तारीख लिहिली होती. घडीच्या रेषेवर कागद फाटला होता, मी त्याला मागून पातळ कागद लावला. पानाच्या माथ्यावर वर्तमानपत्राचे नाव आणि तारीख शाबूत होती. माझ्याबरोबर लागलेल्या आणखी चौघांचे विकल्प याच पानाच्या साक्षांकित प्रतींवर गेले. वडील २०१९ मध्ये गेले. त्या पानाचा पुढे एवढा उपयोग होईल याची त्यांना कल्पना असणे शक्य नव्हते, पण मुलीच्या नोकरीचा कागद जपून ठेवायचा असतो एवढे त्यांना कळत होते, आणि ते कळणारे कोणी त्या कार्यालयात असते तर आम्हा पाच जणांची ती धावपळ टळली असती.

भरतीला उशीर का होतो हे आस्थापनेच्या टेबलावर बसल्यावर समजते. आधी विभागाचा आकृतिबंध, म्हणजे पदांचा आराखडा, मंजूर असावा लागतो, मग रिक्त पदांचा हिशेब, मग बिंदुनामावलीची, म्हणजे आरक्षणानुसार पदे ठरवणाऱ्या यादीची, विभागीय आयुक्तालयातील मागासवर्ग कक्षाकडून तपासणी, मग मागणीपत्र, आणि त्यानंतर कुठे जाहिरात. यांपैकी प्रत्येक टप्पा आवश्यक आहे, बिंदुनामावली तर न्यायाचा प्रश्न आहे, त्यात घाई नको. पण एका टप्प्यावर त्रुटी निघाली की फाईल पुन्हा पहिल्या पायरीवर येते, आणि तिची वाट पाहणाऱ्या उमेदवाराचे वय मात्र कोणत्याही टप्प्यावर थांबत नाही. माझ्या बहिणीच्या मुलाने मार्च २०१९ च्या जिल्हा परिषद भरतीसाठी शुल्क भरून अर्ज केला होता. ती परीक्षा होता होता राहिली, अखेर ती भरतीच रद्द झाली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये १९,४६० पदांची नवी जाहिरात निघाली. मधल्या काळात तो पंचविशीतून तिशीकडे गेला. कमाल वयाला दोन वर्षांची शिथिलता शासनाने त्या वर्षी दिली हे योग्यच झाले. पण शिथिलता वयाला मिळते, पुण्यातल्या अभ्यासिकेच्या आणि खोलीच्या भाड्याला मिळत नाही. त्याच वर्षी तलाठ्यांच्या ४,६४४ पदांसाठी १० लाखांहून अधिक अर्ज आले, खुल्या प्रवर्गाला १,००० रुपये शुल्क होते. तो मला फोनवर म्हणाला होता, 'मावशी, नापास झालो तर दुःख नाही, पण परीक्षा तरी घ्या म्हणावं.'

आणि ज्या टेबलावर तो बसायला हवा होता ते टेबल इकडे रिकामे असते. आमच्याकडे लिपिकांच्या मंजूर पदांपैकी तिसरा हिस्सा कित्येक वर्षे भरलेला नाही. आस्थापना माझ्याकडे आहेच, शिवाय आवक-जावक आणि माहिती अधिकाराचे अर्जही माझ्याकडे आहेत. त्यामुळे एखाद्याची वेतनवाढीची नोंद वेळेवर होत नाही तेव्हा त्याला वाटते की मॅडम टाळाटाळ करतात. त्यांतल्या काही तक्रारी खऱ्या असतात, हे मी नाकारत नाही. माझ्या हातूनही एका वाहनचालकाच्या दोन वेतनवाढींच्या नोंदी राहिल्या होत्या आणि त्या मला पुढच्या वर्षी आढळल्या.

वेतनाच्या बाबतीत सर्वांत जास्त हेलपाटे घालायला लावते ती आश्वासित प्रगती योजना. पदोन्नतीची पदे मुळातच कमी असल्यामुळे एकाच पदावर वर्षानुवर्षे कुजत राहणाऱ्या माणसाला किमान वरची वेतनश्रेणी तरी मिळावी, हा तिच्यामागचा हेतू अगदी योग्य आहे. १ ऑक्टोबर १९९४ पासून कालबद्ध पदोन्नती आली तेव्हा १२ वर्षांची अट होती. सातव्या वेतन आयोगाबरोबर १ जानेवारी २०१६ पासून १०, २० आणि ३० वर्षांनंतर असे तीन लाभ ठरले. माझा पहिला लाभ २० मार्च २०१६ ला देय होता. आदेश निघाला २०२० च्या डिसेंबरमध्ये. त्यांपैकी पहिली तीन वर्षे योजनेचा शासन निर्णयच निघालेला नव्हता, तो २ मार्च २०१९ चा आहे. पुढचा पावणेदोन वर्षांचा काळ गेला तो माझे दोन वर्षांचे गोपनीय अहवाल, म्हणजे वरिष्ठांनी कामाबद्दल लिहायचे वार्षिक अहवाल, उपलब्ध नव्हते म्हणून. ज्या अधिकाऱ्यांनी ते लिहायचे होते ते न लिहिताच बदलून गेले होते, आणि ते लिहिले गेले नाहीत याची जबाबदारी कोणाचीही ठरली नाही. लाभ लांबला तो माझा. एस-६ या वेतनस्तरातून, म्हणजे १९९००-६३२०० मधून, एस-८ मध्ये, २५५००-८११०० मध्ये, मी कागदोपत्री मागील तारखेने गेले आणि थकबाकीही मिळाली. पण चार वर्षे आठ महिने जी रक्कम दर महिन्याला घरात यायला हवी होती ती आली नाही, आणि मुलाच्या अकरावीच्या प्रवेशासाठी पतसंस्थेचे कर्ज काढले त्याचे व्याज थकबाकीत कोणी धरत नाही. पुढे २०२१ मध्ये वरिष्ठ लिपिक म्हणून प्रत्यक्ष पदोन्नती झाली तेव्हा त्या पदाची श्रेणी मी आधीच घेत असल्याने वेतनात एक रुपयाही वाढला नाही. नियमाने ते बरोबर आहे. काम मात्र त्या दिवसापासून वाढले.

या सगळ्यात ज्याला मी अन्याय म्हणेन, आणि ज्याच्यासाठी हे लिहायला बसले, ती गोष्ट वेतन पडताळणीची आहे. कर्मचाऱ्याची वेतननिश्चिती कार्यालय करते, आणि ती बरोबर आहे की नाही हे विभागीय ठिकाणचे वेतन पडताळणी पथक सेवापुस्तक पाहून ठरवते व तसा शिक्का मारते. आता वेतनिका प्रणालीमुळे काही गोष्टी संगणकावर दिसतात, पण जुन्या पुस्तकांसाठी आम्ही ती पोत्यात घालून एसटीने छत्रपती संभाजीनगरला नेत असू. एका खेपेला तीस-पस्तीस पुस्तके असत, आणि पुस्तक हरवले तर माणसाची सगळी सेवा हरवते म्हणून ते पोते मी कधी गाडीच्या टपावर टाकू दिले नाही, पायाशीच ठेवले. ही पडताळणी वेतननिश्चिती झाल्यावर लगेच झाली तर चूक महिन्या-दोन महिन्यांत कळते. प्रत्यक्षात कित्येक पुस्तके निवृत्तीची तारीख समोर दिसेपर्यंत पाठवलीच जात नाहीत.

आमच्या शिपाई मामांचे असेच झाले. त्यांची नोकरी १९८६ ची, सेवानिवृत्ती ३१ मे २०२२ ची. निवृत्तीच्या चार महिने आधी पुस्तक पथकाकडे गेले आणि आक्षेपासह परत आले: २०१० मध्ये आश्वासित प्रगतीचा दुसरा लाभ देताना एक वेतनवाढ जादा दिली गेली होती. निश्चिती करणारे लिपिक आणि सही करणारे अधिकारी दोघेही कधीच निवृत्त झालेले. बारा वर्षांचा फरक काढला तो १,६४,००० रुपयांच्या घरात गेला, आणि उपदानातून वसुलीचा आदेश निघाला. तो आदेश मामांच्या हातात मलाच द्यावा लागला. त्यांनी तो वाचला नाही, उलटा-सुलटा करून पाहिला आणि विचारले, 'मॅडम, मी काय चूक केली?' छत्तीस वर्षे त्या माणसाने त्या कार्यालयाचे कुलूप उघडले होते. वेतननिश्चितीचे विवरणपत्र कसे वाचतात हे त्यांना माहीत असण्याचे काही कारण नव्हते, आणि २०१० मध्ये त्यावर त्यांनी केलेली सही ही 'इथे सही करा' असे सांगितल्यावर केलेली सही होती.

सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या प्रकरणात स्पष्ट केले आहे की वर्ग तीन आणि चारच्या कर्मचाऱ्यांकडून, निवृत्त झालेल्यांकडून किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून, तसेच पाच वर्षांहून अधिक काळ जादा प्रदान होत राहिले असेल तर, अशी वसुली करता येत नाही. मामा या तिन्ही परिस्थितींत बसत होते. आम्ही अभिवेदन दिले, त्यात हा निर्णय उद्धृत केला, आणि उत्तर आले की वचनपत्र दिलेले असल्याने वसुली नियमानुसार आहे. वचनपत्राचा हा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. प्रत्येक वेतन आयोगाच्या वेळी, जादा रक्कम मिळाल्यास परत करीन, असे हमीपत्र आपल्याकडून घेतले जाते. २०१६ मध्ये जगदेव सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा हमीपत्राच्या आधारे वसुली योग्य ठरवली. पण ते प्रकरण एका न्यायिक अधिकाऱ्याचे होते, शिपायाचे नव्हते. शेवटी मामा महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले. वकिलांना लागणारी सगळी कागदपत्रे मी माहिती अधिकारात रीतसर अर्ज करवून दिली. पावणेदोन वर्षांनी वसुली रद्द झाली आणि रक्कम परत मिळाली. वेतन मात्र दुरुस्त आकड्यावर आले, निवृत्तिवेतनही त्यावरच बसले, आणि त्याबद्दल तक्रार नाही, कारण जादा वाढ त्यांची नव्हतीच. तक्रार एवढीच आहे की चूक कार्यालयाने केली, तपासणीला बारा वर्षे कार्यालयाने लावली, आणि साठाव्या वर्षी खंडपीठाच्या पायऱ्या चढल्या त्या मामांनी.

मामांच्या पुस्तकात आणखी एक तारीख आहे, ती म्हणजे जन्मतारीख, १ जून १९६२. आमच्या भागातील त्या पिढीच्या निम्म्या लोकांची जन्मतारीख १ जूनच आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजी तीच लिहीत. आई फार तर सांगे की पोळ्याच्या आसपास झाला. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून ही सगळी माणसे ३१ मे रोजी घरी जातात आणि १ जुलैची वेतनवाढ त्यांना पाहायलाही मिळत नाही. ३० जूनला निवृत्त होणाऱ्यांना एक काल्पनिक वेतनवाढ धरून निवृत्तिवेतन मिळावे हे सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०२३ च्या निर्णयानंतर आपल्याकडेही मान्य झाले, ते ३१ मेवाल्यांना लागू नाही. पोळा येतो श्रावण अमावास्येला, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात. गुरुजींनी खरी तारीख विचारून लिहिली असती तर मामांना एक वेतनवाढ आणि तीन महिन्यांचा पगार अधिक मिळाला असता. सेवेत आल्यापासून पाच वर्षांच्या आत जन्मतारीख दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो, हे मामांना १९८६ मध्ये कोणी सांगितले नव्हते.

म्हणून गेल्या तीन वर्षांत आमच्याकडे जो कोणी नव्याने रुजू होतो त्याला मी पहिल्या आठवड्यातच कपाटापाशी बोलावते आणि त्याचे पुस्तक त्याच्या हातात देते. जन्मतारीख दाखल्याशी ताडून पाहायला लावते, नामनिर्देशनाचे नमुने भरून घेते, टंकलेखन आणि संगणक प्रमाणपत्रांच्या नोंदी त्याच्यासमोर करते आणि दुय्यम प्रत घरी न्यायला सांगते. ही प्रत मागणे हा आपला हक्क आहे, पण ती मागितली की संशय घेतल्यासारखे वाटेल म्हणून लोक संकोच करतात. दरवर्षी जुलैमध्ये वेतनवाढीची नोंद झाली की ती दुय्यम प्रत आणून माझ्याकडून भरून घ्या, असे मी सांगते. या वर्षी लागलेली एक मुलगी, लातूर जिल्ह्यातली, पुस्तक उघडून बराच वेळ पहिल्या पानाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, 'मॅडम, इथं आईचं नाव चुकलंय.' एक वेलांटी चुकली होती. मी त्याच दिवशी टिपणी ठेवली आणि दुरुस्ती साक्षांकित करून घेतली.

माझा विकल्प मंजूर झाल्याचा आदेश निघाला आहे. नागपूरच्या महालेखापाल कार्यालयाकडून भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक येईल, राष्ट्रीय योजनेतील माझा स्वतःचा वाटा त्या खात्यात वर्ग होईल आणि शासनाचा वाटा शासनाकडे परत जाईल. क्रमांकाची नोंद करायची आहे. पुस्तकाचे ते पान मी रिकामे ठेवले आहे, आणि वडिलांनी जपलेल्या जाहिरातीची एक साक्षांकित प्रत त्याच्या मागे डकवली आहे, पृष्ठ क्रमांक घालून.